कारखाने मोजून प्रदेशाचा विकास कळत नाही

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चर्चा गेली सत्तर वर्षे एका ठरावीक चाकोरीतून होत आली आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे याचा हिशेब मांडला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि २०१३ मध्ये विजय केळकर समितीने त्याच प्रश्नाची नव्याने मांडणी केली. हा हिशेब आवश्यक होता, कारण त्याशिवाय मागासलेपणाची तक्रार ही नुसती भावना ठरली असती. पण रस्त्यांचे किलोमीटर आणि सिंचनाचे हेक्टर मोजता मोजता आपण उद्योगही त्याच मापाने मोजू लागलो. कोणत्या जिल्ह्यात किती कारखाने आले, किती कोटींची गुंतवणूक जाहीर झाली, किती सामंजस्य करारांवर सह्या झाल्या, एवढ्यावर यशापयश ठरू लागले. २०२५ च्या जानेवारीत दावोस येथे राज्याने पंधरा लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे करार केले, तेव्हा वृत्तपत्रांतील सगळी चर्चा त्या आकड्याभोवती आणि त्यातील विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याभोवती फिरली.

कारखाना आला म्हणजे उद्योग आला, हे गृहीतकच मला चुकीचे वाटते. एखाद्या प्रदेशाची वाढ त्यातील मोठ्या उद्योगाच्या आकारावर जितकी अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ती तो उद्योग आपल्या गरजेच्या वस्तू कोणाकडून घेतो, आपला माल पुढे कोणाला देतो आणि त्याच्या आवारात शिकलेला कामगार उद्या आणखी कोणत्या धंद्यात उपयोगी पडतो, यांवर अवलंबून असते. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये हाच विचार मागचे दुवे आणि पुढचे दुवे अशा शब्दांत मांडला होता. कारखान्याला लागणाऱ्या मालामुळे जे धंदे उभे राहतात ते मागचे दुवे, आणि त्याने बनवलेल्या मालावर जे धंदे उभे राहतात ते पुढचे. सिद्धान्त जुना आहे आणि विद्यापीठांत शिकवलाही जातो, परंतु आपल्या प्रादेशिक धोरणात त्याचा मागमूस आढळत नाही. तो किती खरा आहे हे पाहण्यासाठी दूर जायला नको. कोल्हापूर, विदर्भ, वाळूज आणि शेजारचा गोवा एवढे पुरेसे आहेत.

कोल्हापुरात आज सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींत ओतीव लोखंडाचे सुटे भाग तयार होतात आणि ते पुण्याच्या वाहन कारखान्यांपासून परदेशी इंजिन कंपन्यांपर्यंत जातात. आता कोल्हापूर जिल्ह्यात लोखंडाच्या खाणी नाहीत, कोक नाही, बंदरही नाही. मग हा धंदा तिथेच का रुजला? याचे उत्तर उसात आहे, आणि अधिक नेमके सांगायचे तर पाण्यात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसली आणि राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे नद्यांवर ठिकठिकाणी जे बंधारे झाले त्यांना आजही कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. या बंधाऱ्याची गंमत अशी की तो पाणी नदीच्या पात्रातच अडवतो, कालव्याने शेतात पोहोचवत नाही. पाणी खाली आणि शेत वर. म्हणजे ते उपसावे लागणार. उपसा म्हटला की पंप आला, पंपाला इंजिन आले आणि इंजिन नेमके पाण्याच्या पाळीच्या दिवशी बंद पडले की त्याचा सुटा भाग त्याच आठवड्यात हवा असतो. उसाच्या पिकावर ज्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे, तो शेतकरी मुंबईहून भाग येण्याची वाट पाहू शकत नाही.

या घाईच्या गिऱ्हाइकामुळे दुरुस्ती करणारे मिस्त्री भाग ओतू लागले, भाग ओतणारे पुढे पूर्ण ऑइल इंजिने बनवू लागले, आणि एका इंजिनामागे पॅटर्न करणारा सुतार, साचा भरणारा मोल्डर, कोअर बनवणारा, भट्टी सांभाळणारा आणि ओतलेला भाग लेथवर तासणारा अशी कामांची विभागणी एकाच गल्लीत होऊ लागली. गुऱ्हाळांचे चरक, शेतीची अवजारे आणि नंतर साखर कारखान्यांचे सुटे भाग ही त्याच लोकांची इतर गिऱ्हाइके. पुढे वीज गावोगाव पोहोचली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनांची मागणी ओसरली. एकच माल एकाच गिऱ्हाइकाला विकणारे शहर अशा वेळी संपते. कोल्हापूर संपले नाही, कारण तोपर्यंत शहराजवळ इंजिनापेक्षा ओतकामाचे कसब अधिक मोलाचे झाले होते, आणि महामार्गाने काही तासांवर असलेल्या पुण्यात त्या कसबाला नवे गिऱ्हाईक तयार झाले होते. इंजिन ओतणाऱ्यांनी ट्रक आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले. ही योजना कोणत्याही मंत्रालयात आखलेली नव्हती.

याच पट्ट्यात किर्लोस्करवाडीची कथा आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातून उठून १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना वसवला तो लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करण्यासाठी; लोखंडाच्या नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला पटवण्यातच त्यांची पहिली काही वर्षे गेली. मात्र नांगरापासून पंपापर्यंत आणि पंपापासून १९४६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ऑइल इंजिनांच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास हा त्याच शेतकऱ्याच्या वाढत्या मागण्यांमागे चालत गेलेला प्रवास आहे. वालचंदनगरचेही तेच. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला. कारखान्याला यंत्रे लागली, ती दुरुस्त करता करता तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली, आणि जाड पत्र्याचे अचूक जोडकाम करणारा तोच कारखाना पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग करू लागला. उसापासून अग्निबाणापर्यंतची ही साखळी ऐकायला अद्भुत वाटते, पण तिच्यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर शिकलेल्या कामातूनच आलेली आहे.

सहकाराने यात एका गोष्टीची भर घातली, आणि ती राजकारणाच्या गदारोळात बहुधा विसरली जाते. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला कारखाना असो की वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला, साखरेतून निघालेला वाढावा त्याच तालुक्यात राहिला. त्यातून दूध संघ, बँका, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने निघाली. त्यातील काही संस्था आज नुसत्या पदव्यांचे कारखाने झाल्या आहेत हे मान्य करूनही, फिटर आणि टर्नर तालुक्यातच तयार झाले याचा फायदा आजूबाजूच्या यंत्रशाळांना मिळाला हे नाकारता येत नाही. मळीतून अल्कोहोल, चिपाडातून वीज आणि गाळातून खत ही पुढची साखळीही तिथेच जुळली. आसवन्या उभारण्याचे तंत्र विकसित करणारी पुण्याची प्राज कंपनी आज जगभर असे प्रकल्प उभारते, आणि तिचे सुरुवातीचे गिऱ्हाईक ज्या उद्योगातून आले तो साखर उद्योग तिच्या दारात होता.

आता विदर्भाकडे वळू. इथे कापूस होता, आणि तो उसाच्या कितीतरी आधी पैशाचे पीक झाला होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरपर्यंत बाजार मिळवून दिला आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर या ठिकाणीही गिरण्या निघाल्या. म्हणजे कच्चा माल, रेल्वे, भांडवल आणि एक असामान्य उद्योजक एवढे सगळे विदर्भाला कोल्हापूरच्या पन्नास वर्षे आधी मिळाले होते. तरीही एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली, तेव्हा तिच्या मागे तिच्या कसबावर जगणारे असे दुसरे उद्योग नागपुरात फारसे उरले नव्हते.

यामागचे पहिले कारण मला शेतात दिसते. विदर्भाचा कापूस कोरडवाहू. त्याला पाणी उपसायचे नाही, म्हणून पंप नको, इंजिन नको आणि म्हणून फाउंड्रीही नको. ज्या पिकाच्या खरेदीच्या यादीत बियाणे, खत आणि फवारणीचे औषध एवढ्याच वस्तू असतात, ते पीक आजूबाजूला यंत्रकाम रुजवू शकत नाही. आणि त्या यादीतील वस्तूही बाहेरूनच आल्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात उभ्या केलेल्या बियाणे कंपनीमुळे संकरित बियाण्यांचा मोठा उद्योग वाढला तो मराठवाड्यात. दुसरे कारण गिरण्यांचे. त्यांची यंत्रे इंग्लंडहून आली, दुरुस्ती गिरणीच्या आवारातल्या यंत्रशाळेत झाली आणि बाहेरच्या मिस्त्र्याला त्या कामाचा वास लागला नाही. तिसरे कारण राज्याच्या धोरणाचे. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना शेतकऱ्याला हमखास भाव देण्याच्या चांगल्या हेतूने आली आणि सुमारे तीन दशके चालली. पण तिने खासगी खरेदीवर बंदी घालून शेतकरी, कापसातून सरकी काढणारे जिनिंग मालक आणि सूतगिरणी यांच्यातील थेट व्यवहारच तोडला. जिनिंगवाला मजुरीवर सरकी काढून देणारा ठरला. कोणत्या शिवारातला कापूस कोणत्या सुताला योग्य याचे ज्ञान ज्या व्यवहारातून साठते, तो व्यवहारच उरला नाही.

या चित्राला एक अपवाद आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळ देणारा आहे. कापूस विदर्भातून बाहेर जाण्यापूर्वी त्यावर होणारी एक प्रक्रिया मात्र तिथेच राहिली, ती म्हणजे सरकी वेगळी करून गाठी बांधण्याची. कापसाच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास सरकीच असते, त्यामुळे ती वाहून नेण्यात अर्थ नसतो. नेमक्या याच प्रक्रियेची यंत्रे बनवणारा उद्योग नागपुरात वाढला. बजाज स्टील इंडस्ट्रीज जिनिंगची यंत्रे परदेशातही पाठवते. सूतकताई, विणकाम, रंगाई आणि शिवणकाम बाहेर गेले, म्हणून त्यांची यंत्रेही बाहेरच घडली. जे काम जिथे रोज होते, तिथेच त्याचे अवजार सुधारते.

कोईमतूरशी तुलना केली की हे अधिक उघड होते. तिथेही काळी जमीन आणि कापूस, तिथेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली गिरणी. परंतु तिथल्या शेतकऱ्याला खोल विहिरींतून पाणी उपसावे लागे, आणि १९३० च्या दशकात पायकारा जलविद्युत प्रकल्पाची वीज आली तेव्हा पंप आणि मोटारी बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक तयारच होते. गिरण्यांच्या दुरुस्तीतून फाउंड्री निघाल्या, १९६२ मध्ये लक्ष्मी मशीन वर्क्सने सूतकताईची यंत्रेच बनवायला सुरुवात केली, आणि आज पंप, ओल्या पिठाचे ग्राइंडर आणि वाहनांचे भाग असे परस्परांशी वरवर संबंध नसलेले धंदे एकाच कसबावर चालतात. इचलकरंजीचे उदाहरणही बोलके आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने तिथे पहिला यंत्रमाग चालवला. त्या गावाच्या शिवारात कापूस पिकत नाही, तरी कापड तिथे विणले जाते आणि जिथे पिकतो तिथून गाठी भरून जातात.

म्हणून 'आमचा कापूस, आमचा कोळसा, आमचे लोखंड, मग कारखाने आमच्याकडे का नाहीत' हा विदर्भाचा नेहमीचा प्रश्न भावनिकदृष्ट्या समजण्यासारखा असला तरी त्यातली तर्काची बाजू कच्ची आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. कच्च्या मालाच्या जवळिकीने उद्योग आपोआप येत नाही. कोल्हापूरला लोखंड नव्हते, जालन्यात खाण नसताना भंगारापासून सळई बनवणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. उलट केंद्र सरकारच्या वाहतूकभाडे समानीकरणामुळे १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पोलाद देशभर जवळपास एकाच भावाने मिळत होते. खाणींच्या प्रदेशांना त्याचा तोटा झाला आणि मुंबई-पुण्याच्या यंत्रउद्योगाला फायदा. आपल्या उद्योगधुरीणांच्या कर्तबगारीच्या कहाण्या सांगताना पश्चिम महाराष्ट्राने हा भाग सहसा गाळलेला असतो.

कोळशाचे उदाहरण तर सर्वांत कठीण. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे, कोराडी आणि खापरखेडा वेगळेच. १९९९ पासून चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत येते. तंत्रज्ञान म्हणून ती वाहिनी अभिमानास्पद आहे यात शंका नाही. पण वीज ही अशी वस्तू आहे की ती जिथे तयार होते तिथे तिचा दर स्वस्त ठेवला नाही, तर तिच्या शेजारी राहण्याचा कोणालाच फायदा नसतो, राख आणि धूर मात्र शेजाऱ्यांनाच मिळतात. त्यातल्या त्यात ती राख जवळच्या सिमेंट कारखान्यांना उपयोगी पडली, हा चंद्रपूरमधील पुढच्या दुव्यांपैकी एक नोंद घेण्याजोगा दुवा. बॉयलरचे नळ, कन्व्हेयरचे पट्टे, पंप, व्हॉल्व्ह, विद्युतरोधक अशी त्या केंद्रांची वर्षानुवर्षांची खरेदी कुठून होते, हा प्रश्न वीज केंद्रांवर होणाऱ्या चर्चेत कधी विचारला जात नाही.

याउलट मराठवाड्यातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराजवळचे वाळूज. १९८५ मध्ये बजाज ऑटोने तिथे दुचाकींचा कारखाना सुरू केला तेव्हा तो मागास भागासाठीच्या सवलती घेऊनच आला होता, आणि सवलती संपल्यावर असे कारखाने निघून जातात असा आपला अनुभव आहे. तो टिकला, इतकेच नव्हे तर त्याच्याभोवती धंदे वाढले, कारण दुचाकी ही शेकडो सुट्या भागांची वस्तू आहे आणि ते भाग दररोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दर्जाचे लागतात. अ‍ॅल्युमिनियमचे भाग ओतण्यासाठी त्याच सुमारास सुरू झालेली एन्ड्युरन्स आणि नंतरची व्हेरॉक या कंपन्या बजाजच्या पुरवठादार म्हणून वाढल्या; एन्ड्युरन्सचे आज इटली आणि जर्मनीतही कारखाने आहेत. या दोन्ही कंपन्यांचे संस्थापक राहुल बजाज यांचे भाचे होते, ही गोष्ट कोणी उपहासाने सांगतात. मला ती उलट महत्त्वाची वाटते. अपरिचित जागी नव्या पुरवठादारावर रोजच्या उत्पादनाची भिस्त ठेवायला विश्वास लागतो, आणि सुरुवातीला तो नात्यातून आला. पुढे मात्र नात्याबाहेरचे अनेक लहान कारखानदार त्या साखळीत शिरले, शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आधीपासून होते, साचे आणि हत्यारे बनवायला शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आली, आणि २००१ च्या सुमारास स्कोडा शेंद्र्याला आली तेव्हा तिला भागांचे पुरवठादार शोधायला फार दूर जावे लागले नाही. मागास प्रदेशात दुवे जुळवता येतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा राज्यात नाही.

गोव्याने याची दुसरी बाजू दाखवली. तिथले लोहखनिज दशकानुदशके मांडवी आणि झुवारीतून बार्जने मुरगावला आणि तिथून जपानला, नंतर चीनला गेले. या धंद्याने ट्रक, बार्ज, बार्ज बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारखाने, खाणपट्ट्यातली गॅरेजेस आणि खानावळी वाढवल्या. हे सगळे दुवे होतेच, पण ते एकाच दिशेने, खनिज बंदरापर्यंत नेण्यापुरते होते. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली, तेव्हा सत्तरी, सांगे, डिचोलीतल्या ट्रकमालकांकडे दुसऱ्या कोणत्याच गिऱ्हाइकाकडे वळण्याची सोय नव्हती. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो. इतक्या वर्षांच्या उत्पन्नातून त्या ट्रकवाल्यासाठी दुसरी वाट तयार झाली नाही, हा दोष न्यायालयाचा नव्हता.

दुवे असले की सगळे सुरळीत होते, असाही माझा दावा नाही. जितके घट्ट दुवे, तितका धक्काही दूरवर जातो. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा त्याचा फटका पिंपरी-चिंचवडच्या लहान शेडपासून कोल्हापूरच्या भट्टीपर्यंत पोहोचला. विजेवर चालणाऱ्या वाहनात इंजिन ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसतो, धूर बाहेर नेणारे ओतीव नळकांडेही नसते. या तीन वस्तू ओतणाऱ्यांसाठी हा धोका दिसतो तितका दूर नाही. कोल्हापूरने एकदा गिऱ्हाईक बदलले, म्हणून दुसऱ्यांदाही सहज बदलेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल. साखरेच्या बाबतीत तर दुव्यांचा गळफासही होऊ शकतो. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि सत्ता एकाच पिकाला बांधली गेल्यामुळे पाण्याची टंचाई असलेल्या सोलापूर आणि मराठवाड्यातही ऊस वाढत गेला, कारण त्या साखळीतील प्रत्येकाचा पोटापाण्याचा संबंध त्याच्याशी होता. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले, तेव्हा ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या त्यांची गणिते एका रात्रीत कोलमडली. काही दिवसांत मर्यादित सूट मिळाली आणि पुढच्या वर्षी निर्बंध उठले, तरी सरकारच्या एका आदेशाने दोन उद्योगांमधला दुवा तुटू शकतो हे सर्वांना कळले.

असे असताना आपली औद्योगिक प्रोत्साहने कशावर बेतली आहेत? १९६४ पासून या ना त्या रूपात चालत आलेली सामूहिक प्रोत्साहन योजना तालुक्यांची वर्गवारी करते आणि प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणूक व भरलेला कर यांच्या प्रमाणात परतावा देते. म्हणजे ज्या कारखान्याची यंत्रे परदेशातून आली, कच्चा माल दुसऱ्या राज्यातून आला आणि ज्याच्या फाटकाबाहेर फक्त सुरक्षारक्षकांचा कंत्राटदार स्थानिक आहे, त्याला गुंतवणूक मोठी म्हणून सवलतही मोठी. शंभर लहान पुरवठादार घडवणारा मध्यम कारखाना या मापात खाली राहतो. नागपूरच्या मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रात विमानांच्या देखभालीचे केंद्र आले, पण विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्यांची वस्ती त्याच्यामागे आपोआप आली नाही, हे या मापाचे फळ आहे.

यावर आक्षेप येईल की स्थानिक खरेदीची सक्ती केली तर पुन्हा परवानाराज येईल, माल महाग पडेल आणि गुंतवणूकदार शेजारच्या राज्यात जातील. आक्षेप रास्त आहे. सक्ती मलाही नको आहे. पण सक्ती आणि अनास्था यांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि पहिले पाऊल नुसते मोजण्याचे आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हावार उत्पन्नाचे अंदाज प्रसिद्ध करते, परंतु कोणत्या जिल्ह्यातील उद्योग किती माल शंभर किलोमीटरच्या आत खरेदी करतात हे त्यातून कळत नाही. वस्तू व सेवा करामुळे ही माहिती आता सरकारकडे पडून आहे. ठरावीक रकमेपेक्षा अधिक किमतीचा माल हलतो तेव्हा त्याचे ई-वे बिल निघते, त्यात मालाचा वर्ग असतो आणि तो कोठून कोठे चालला आहे हेही असते. कंपन्यांची नावे गुप्त ठेवून या नोंदींची जिल्हावार बेरीज केली, तर चंद्रपूरचे वीज केंद्र व्हॉल्व्ह कोणत्या जिल्ह्यातून आणते आणि नागपूरच्या कोणत्या यंत्रशाळेला ते काम जमण्यासारखे आहे, हे अंदाजाने बोलण्याची गरज उरणार नाही. त्यानंतर चाचणी प्रयोगशाळा, टूल रूम आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील नेमका अभ्यासक्रम यांवर खर्च करावा, आणि परताव्याचा एक भाग तरी लहान स्थानिक पुरवठादारांकडून झालेल्या खरेदीशी जोडावा.

हे करताना राज्याची सीमा डोक्यातून काढावी लागेल. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांच्या जोरावर पोलादाचे केंद्र उभारण्याची भाषा चालू आहे, आणि ज्या जिल्ह्याची ओळख विनाउद्योग जिल्हा अशी होती तिथे ती स्वागतार्ह आहे. परंतु भिलाई-रायपूरचा पोलादी पट्टा गडचिरोलीला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथे रोलिंग मिलचे रोल तासणारे, भट्टीच्या विटा पुरवणारे आणि डंपरचे गिअरबॉक्स दुरुस्त करणारे कारागीर साठ वर्षांत तयार झाले आहेत, आणि गडचिरोलीचे पहिले दुवे त्यांच्याशीच जुळतील. त्याला विरोध करण्याऐवजी त्या कारागिरांनी देसाईगंज किंवा आष्टीत शाखा काढावी यासाठी जागा, वीज आणि कर्जाची सोय करणे अधिक शहाणपणाचे आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत केंद्राच्या पीएम मित्र योजनेतील वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, आणि कापसापासून कपड्यापर्यंतची सगळी कामे एका जागी आणण्याचा त्याचा उद्देश विदर्भाच्या दीडशे वर्षांच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारा आहे. मात्र तिथे माग आले आणि त्यांचे सुटे भाग, रंग, बॉबिन, पॅकिंगचे पुठ्ठे, इतकेच काय शिलाई यंत्राच्या सुयाही बाहेरूनच येऊ लागल्या, तर ती नवी एम्प्रेस मिल ठरेल. गडचिरोली आणि अमरावती या दोन जिल्ह्यांसाठी खरेदीच्या नोंदींचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण तिथले कारखाने अजून उभे राहात आहेत आणि त्यांचे पुरवठ्याचे बरेचसे दीर्घ मुदतीचे करार व्हायचे आहेत. एकदा ते करार झाले आणि मालमोटारींचे रस्ते ठरून गेले की दहा वर्षे तरी त्यांत फारसा बदल होत नाही.